घुमटाबाहेरची मशीद

इस्तंबूलच्या सुलतानअहमत चौकात दुपारच्या अजानची वेळ झाली की बाकांवर टेकलेले पर्यटक एकदम माना वर करतात. निळ्या मशिदीच्या मिनारांवरून एक ओळ येते आणि थांबते. बागेपलीकडच्या आयासोफ्याच्या मिनारांवरून तिला उत्तर येते. पुन्हा इकडून, पुन्हा तिकडून. दोन्ही मुअज्जिन एकमेकांचे ऐकून, आपापली पाळी सांभाळून बांग देतात. मोहम्मद अली रोडवर एकाच वेळी पाच-सहा कर्ण्यांतून मिसळून येणारी अजान ऐकत मोठ्या झालेल्या मुंबईकरालाही हा सवाल-जवाब नवा असतो.

बांग संपते आणि चौकातली बहुतेक माणसे जागची हलत नाहीत. तिळाचे गोल पाव विकणारा गाडीवाला विकत राहतो, शाळेची सहल पुढे सरकते. थोडे लोक बाजूच्या नळांवर जाऊन बाह्या दुमडतात.

हलत नाहीत त्यांचेही फार बिघडत नाही, कारण इस्लाममध्ये रोजच्या नमाजला मशीद लागतेच असे नाही. अंग आणि कपडे स्वच्छ हवेत, जागा स्वच्छ हवी, तोंड मक्केकडे हवे. एवढे जमले की शेताच्या बांधावर, रेल्वेच्या डब्यात, दुकानाच्या गल्ल्यामागे, कुठेही नमाज होते. मशिदीत मूर्ती नाही, गाभारा नाही, प्रसाद नाही. मग मुसलमान समाज जिथे गेला तिथे त्याने आधी मशीद का उभारली? इस्तंबूलच्या जुन्या शहरातून टेकड्या चढत-उतरत, पुढे बोटीने खाडी ओलांडत केलेल्या फेरीत याचे उत्तर तुकड्यातुकड्याने हाती येते. त्यातले बरेचसे तुकडे घुमटाच्या बाहेर सापडतात.

चौकातल्या दोन वास्तूंपैकी निळी मशीद, म्हणजे सुलतान अहमदने १६०९ ते १६१६ या काळात बांधलेली, छायाचित्रांमुळे जास्त ओळखीची. सहा मिनार, आत वीस हजारांवर इझनिकच्या रंगीत टाइल्स. पण डोक्याला काम देते ती समोरची आयासोफ्या. सम्राट जस्टिनियनने ५३७ साली पूर्ण केलेले हे चर्च मे १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर उस्मानी सुलतान मेहमेद दुसरा याने मशीद केले. अतातुर्कच्या प्रजासत्ताकाने १९३५ मध्ये तिथे संग्रहालय उघडले आणि जुलै २०२० मध्ये ती पुन्हा मशीद झाली. आता नमाजी खाली आणि पाहुणे वरच्या सज्जात, अशी विभागणी आहे. या सज्जातून खाली पाहिले की एक गंमत लक्षात येते. इमारतीच्या भिंती एका रेषेत आणि गालिच्यावरच्या रांगा दुसऱ्या रेषेत, जरा तिरप्या. चर्च बांधणाऱ्यांनी वेदीची दिशा धरली होती. मक्का तिथून थोडी उजवीकडे पडते. म्हणून मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, जुन्या वेदीच्या जागी किंचित कलता बसवलेला आहे. त्याच्या वर, अर्धघुमटाच्या पोटात, कुशीत बाळ घेतलेल्या मेरीचे मोझेक आहे. नमाजच्या वेळी ते पडद्याआड असते. मशीद म्हणून जागा वापरायला कमीत कमी काय लागते, हे या तिरप्या रांगांइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. दिशा ठरली की काम झाले.

२०२० च्या निर्णयावर जगभर राजकीय चर्चा झाली, आणि तो राजकीय होताही. पहिल्या शुक्रवारी सरकारी धर्मखात्याचे प्रमुख हातात तलवार घेऊन प्रवचनाच्या पायऱ्या चढले, तेव्हा शंका उरायचे कारण नव्हते. पण न्यायालयाने दिलेले कारण वेगळे होते. ही वास्तू मेहमेदने स्थापलेल्या वक्फची मालमत्ता आहे, वक्फनाम्यात ती मशीद म्हणून नोंदलेली आहे, म्हणून १९३४ च्या मंत्रिमंडळाला तिचा वापर बदलण्याचा अधिकार नव्हता, असे ते कारण. पाचशे वर्षांपूर्वीचा एक दानपत्राचा कागद आणि एकविसाव्या शतकातला निकाल. मशिदीचे कोडे सोडवायचे तर वक्फपासून सुरुवात करावी लागते ती यामुळेच.

वक्फ म्हणजे मालकी कायमची थांबवणे. जमीन, दुकान, गिरणी, हमामखाना, काहीही एकदा वक्फ केले की ते विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. त्याचे उत्पन्न दात्याने लिहून ठेवलेल्या कामालाच लागते. मशीद स्वतः काही कमवत नाही. तेलाला, चटयांना, इमामाच्या पगाराला पैसा लागतो आणि तो या व्यवस्थेतून येतो. चौकातून ट्रामच्या रुळांकडेने पश्चिमेला चालत गेले की पंधरा-वीस मिनिटांत ग्रँड बाजार लागतो. छपराखाली सुमारे चार हजार दुकाने, सोने, गालिचे, कातडी पिशव्या आणि हात धरून आत ओढणारे विक्रेते. परदेशी पाहुण्याला तो निव्वळ बाजार वाटतो. त्याचा गाभा असलेली दगडी पेठ मेहमेदनेच १४५० च्या दशकात बांधायला घेतली आणि तिचे भाडे लावून दिले आयासोफ्याला. गालिच्यावर घासाघीस करणारा प्रत्येक गिऱ्हाईक मशिदीच्या दिव्यात तेल घालत होता.

मुंबईकराने याचे नवल करू नये. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीला तळमजल्याच्या दुकानांनी चहूबाजूंनी वेढलेले आहे, त्यांचे भाडे मशिदीला जाते आणि आत पाण्याचा जुना तलाव आजही आहे. आपण त्या दुकानांसमोरून जाताना मशीद पाहतो आणि दुकाने पाहतो. दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे हे मात्र लक्षात येत नाही.

या अर्थकारणात एक अवघड वळणही आले. सोळाव्या शतकात रोख रकमेचे वक्फ फोफावले. कुणी काही हजार नाणी ठेवायची, ती व्यापाऱ्यांना कर्जाऊ द्यायची आणि येणाऱ्या वाढाव्यावर मशिदीचा किंवा मदरशाचा खर्च चालवायचा. व्याज तर निषिद्ध! उस्मानी साम्राज्याचा मुख्य मुफ्ती एबुस्सुउद याने लोकांची रूढी आणि लोकांची सोय पुढे करून त्याला मान्यता दिली. बिर्गिवी नावाच्या कर्मठ विद्वानाने कडाडून विरोध केला. शास्त्र आणि व्यवहार यांचे हे भांडण वाचताना मराठी वाचकाला परके काहीच वाटणार नाही. व्यवहार जिंकला. शेकडो गल्ल्यांमधल्या लहान मशिदी अशा पैशावर चालल्या.

बाजाराच्या पलीकडच्या दाराने बाहेर पडले की जुन्या पुस्तकांची गल्ली आणि तिला लागून बेयाझितची मशीद, १५०६ मध्ये पुरी झालेली. तिच्या आवारातले अन्नछत्र आता नाही. त्या स्वयंपाकघरात आणि शेजारच्या सराईत १८८४ मध्ये सरकारी ग्रंथालय सुरू झाले, ते अजून चालू आहे. जिथे डेगा चढत होत्या तिथे विद्यार्थी टिपणे काढतात. मशिदीचे आवार काळानुसार काम बदलते, त्याचा हा बरा नमुना. वाईट नमुनेही पुढे येतात.

विद्यापीठाला वळसा घालून उत्तरेला गेले की सुलेमानिये. आधी घुमट दिसतो, मग भिंत, मग आणखी भिंत, मग लहान घुमटांच्या रांगा. पाहुणा मुख्य दार शोधत राहतो आणि मशीद आता येईल, मग येईल असे करत बराच चालतो. त्याचे कारण त्याला उशिरा समजते. तो मशिदीत केव्हाच पोचलेला असतो. सुलतान सुलेमानसाठी वास्तुरचनाकार मिमार सिनानने १५५० ते १५५७ या काळात उभारलेली ही फक्त प्रार्थनेची वास्तू नव्हे. चार मोठे मदरसे, एक वैद्यकाचा मदरसा, हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची पाठशाळा, लहान मुलांची शाळा, रुग्णालय, अन्नछत्र, पाहुणघर, हमामखाना, दुकाने, एवढ्या सगळ्यांचे मिळून एक छोटे नगर आहे आणि मधोमध नमाजचे दालन. उस्मानी सुलतान नवा भाग वसवताना आधी असा समूह उभारत. पाणी, शाळा, दवाखाना आणि रोजचे जेवण असले की माणसे आपसूक भोवती येऊन राहत.

अन्नछत्राची शिस्त वक्फनाम्यात लिहिलेली असे. विद्यार्थी, नोकर, वाटसरू आणि गरीब यांचा क्रम ठरलेला, रोज रस्सा आणि पाव. सणाला आणि जुम्म्याच्या आदल्या रात्री मांस घातलेला भात आणि केशर घातलेला गोड भात. वाटसरूला साधारण तीन दिवस राहता-जेवता येई. चौथ्या दिवशी त्याने आपला रस्ता धरावा अशी अपेक्षा. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा आराखडा ओळखू येईल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या त्या आवारात मशीद आहे, मदरसा आणि सराई होती, आणि डोंगरातून खापरी नळांनी आणलेल्या पाण्यावर फिरणारे जाते तिथल्या शिष्यांच्या आणि यात्रेकरूंच्या जेवणाचे पीठ दळत असे. सहल करणारे फिरते चाक पाहतात, फोटो काढतात आणि पीठ कुणासाठी होते हे न विचारता परततात. महाराष्ट्राच्या वक्फ मंडळाचे कार्यालय त्याच आवारात आहे, हा योगायोग नाही.

सुलेमानियेच्या बांधकामाच्या हिशेबवह्या शिल्लक राहिल्या. ओमेर लुत्फी बारकान या तुर्की इतिहासकाराने त्या तपासल्या तेव्हा कारागिरांपैकी जवळपास निम्मे ख्रिस्ती निघाले. रंगीत काचांच्या खिडक्यांचे श्रेय तर परंपरेने इब्राहिम नावाच्या ज्या माणसाला दिले जाते, त्याला लोक 'दारुडा इब्राहिम' म्हणत. सुलतानाने काचा पाहिल्या असाव्यात, बाटली पाहिली नसावी. सिनानची हुशारी मात्र सगळ्यांना दिसते. ५३ मीटर उंचीच्या घुमटाखाली शेकडो तेलदिवे जळत. त्यांची काजळी भिंतींवर बसू नये म्हणून त्याने हवेचा प्रवाह असा खेळवला की धूर दाराच्या वरच्या एका खोलीत ओढला जाई. तिथली काजळी खरवडून शाई होई. मशिदीच्या धुराने मदरशातली पुस्तके लिहिली जात, हे ऐकून पाहुणा खूश होतो आणि व्हावेच. त्या मदरशांपैकी दोहोंत आता सुलेमानिये ग्रंथालय आहे, इस्लामी हस्तलिखितांच्या जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक.

हे सर्व शुक्रवारी दुपारी पाहावे. रोजच्या नमाजला पर्याय आहे, जुम्म्याच्या नमाजला नाही. ती पुरुषांनी जमातीतच करायची. एरवीही एकट्याने केलेल्या नमाजपेक्षा जमातीतल्या नमाजचे पुण्य सत्तावीस पट, अशी हदीस आहे. खाली बाजारात दुकानदार दारात आडवी खुर्ची ठेवून निघतात. आवाराच्या बाजूच्या भिंतीला नळांची रांग आणि प्रत्येक नळासमोर दगडी बैठक. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. वजू दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि माणूस चपला हातात घेऊन आत जातो. आधी आलेला पुढे, नंतरचा मागे. मध्ये जागा सुटली तर खांद्याला खांदा लावून ती भरायची. कोणाची राखीव जागा नाही. कोकणातला एखादा शाफई पंथाचा मुसलमान इथे आला तर हात बांधण्यात आणि 'आमीन' म्हणण्यात त्याचा हनफी तुर्कांशी थोडा फरक पडेल, पण कोणी वळून पाहणार नाही. गावाची, जातीची, पंथाची नोंद दारात विचारली जात नाही. मुसलमानाला कुठलीच मशीद आपली नाही असे होत नाही. समतेचे हे चित्र खरे आहे. तेवढाच खरा मेहराबच्या डाव्या बाजूचा, खांबांवर उचललेला कठडाबंद सज्जा. तो सुलतानासाठी होता. अल्लाहसमोर सगळे सारखे, पण सुलतानाने जरा उंचावरून.

लाकडी किंवा संगमरवरी पायऱ्यांच्या मिंबरवर इमाम चढतो आणि खुत्बा, म्हणजे प्रवचन देतो. तो वाचून दाखवतो, कारण मजकूर त्याचा नसतो. तुर्कस्तानात खिलाफत संपवली त्याच दिवशी, ३ मार्च १९२४ रोजी, धर्मखाते 'दियानेत' स्थापन झाले. तेव्हापासून इमाम सरकारी नोकर आहे. त्याला पगार, बदली आणि निवृत्तिवेतन असते आणि शुक्रवारचे प्रवचन या खात्याकडून येते. विषय कधी आईवडिलांची सेवा, कधी पाण्याची काटकसर, कधी रस्त्यावरचे अपघात. देशातल्या सुमारे नव्वद हजार मशिदींवर या खात्याचा कारभार चालतो. १९३२ ते १९५० या काळात तर सरकारने अजानसुद्धा अरबीऐवजी तुर्कीत द्यायला लावली होती. १९५० मध्ये सत्ता बदलली आणि पहिल्या काही निर्णयांतच अरबी अजान परतली. भारतीय पाहुण्याला याचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इमामाचा पगार मोहल्ला आणि मशिदीचे विश्वस्त भागवतात, तो कमी असतो, पण खुत्बा मंत्रालयातून येत नाही. ज्या धर्मात माणूस आणि अल्लाह यांच्यामध्ये पुरोहित नाही, कुराण नीट वाचता येणारा कोणीही पुढे उभा राहून नमाज पढवू शकतो, तिथे इमाम सरकारी कारकून होतो. धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या राज्याने हे केले आणि नंतरच्या धार्मिक वळणाच्या सरकारांनी ते खाते बंद न करता आणखी मोठे केले. हाती आलेली कळ कोण सोडतो?

सरकारचा हात त्याआधीच पडला होता. १८२६ मध्ये सुलतान महमूद दुसऱ्याने वक्फ एका खात्याखाली आणले. उत्पन्न तिजोरीत जाऊ लागले आणि मशिदीभोवतीच्या संस्था हळूहळू सुकल्या. १९२४ मध्ये मदरसे बंद झाले. घुमट डागडुजीसह उभे राहिले, डेगा थंड झाल्या. सुलेमानियेच्या अन्नछत्रात नंतर उपाहारगृह निघाले. समोरच्या गल्लीत, जिथे एकेकाळी अफू आणि कॉफीचे शौकीन बसत, आता पांढऱ्या घेवड्याच्या उसळीच्या खानावळी आहेत. उसळ उत्तम असते. पैसे द्यावे लागतात.

इथून टेकडी उतरणारी वाट हातगाड्या, चाळण्या, लाकडी पळ्या आणि कढयांच्या बाजारातून जाते. या गर्दीत रुस्तम पाशाची मशीद हरवते, कारण ती जमिनीवर नाहीच. सुलेमानचा जावई आणि वजीर रुस्तम पाशा याच्या नावाने सिनानने १५६० च्या सुमारास ती बांधली ती दुकानांच्या कमानींवर. भिंतीतल्या अरुंद जिन्याने वर गेले की एकदम अंगण आणि इझनिकच्या ट्युलिपच्या निळ्या-लाल भिंती. खाली भाडे, वर नमाज. बाजाराची जागा महाग होती, म्हणून हिशेब उभा मांडला.

खाडीच्या काठावर एमिनोन्यूची नवी मशीद. वय साडेतीनशे वर्षांच्या पुढे असले तरी नाव 'नवी'च राहिले. सुलतानाची आई साफिये हिने १५९७ मध्ये काम सुरू केले, मुलगा वारला आणि ते अर्धवट राहिले. दुसऱ्या एका सुलतानाची आई तुर्हान हिने १६६५ पर्यंत ते पुरे केले आणि खर्चासाठी शेजारी मसाल्यांचा इजिप्शियन बाजार बांधला. यात एक काळा भागही आहे. हा ज्यू वस्तीचा भाग होता. १६६० च्या आगीनंतर त्या लोकांना परतू दिले नाही, त्यांना खाडीपलीकडे पाठवले आणि जागा मोकळी झाली. मशीद बांधणे हे दान असते, तसेच शहर ताब्यात घेणेही असते. इस्तंबूलमध्ये दोन्ही एकाच दगडात दिसतात.

बोटीने वीस मिनिटांत आशियाच्या काठावर, उस्कुदारला. धक्क्यावर उतरताच समोर सुलेमानची मुलगी मिह्रिमाह हिची मशीद. थोडे चालले की सुलतानाची आई गुलनुश हिची. टेकडीवर आणखी एका सुलतानाची आई नूरबानू हिची, सिनानच्या उतारवयातल्या मोठ्या कामांपैकी एक. एवढ्या मशिदी बायकांनी बांधल्या आणि त्या मशिदींत बायकांची जागा मागच्या कोपऱ्यात, जाळीआड किंवा जिन्यावर! स्त्रियांना जुम्मा सक्तीचा नाही, मशिदीत यायला बंदीही नाही. पैगंबरांच्या काळात त्या मागच्या रांगांत असत. बाकीची अडचण माणसांनी उभी केली. उस्कुदारच्याच कब्रस्तानाशेजारी २००९ मध्ये उघडलेल्या शाकिरीन मशिदीची अंतर्गत रचना झैनेप फादिल्लिओलू या स्त्रीने केली. तिथला बायकांचा सज्जा प्रशस्त आहे आणि तिथून मेहराब थेट दिसतो. शहरातली सर्वांत मोठी चामलिजा मशीद (२०१९) दोन स्त्री वास्तुरचनाकारांनी आखली. तिथे त्रेसष्ट हजार माणसे मावतात, संग्रहालय आहे, ग्रंथालय आहे आणि साडेतीन हजार मोटारींची सोय. सिनान सराईत उंट आणि घोडे मोजत असे, आता मोटारी. पण त्या डोंगरावर राहते कोण? सुलेमानियेभोवती शहर उगवले. चामलिजाला शहरातून मुद्दाम जावे लागते, आणि तिथला प्रचंड घुमट पाहून परतताना हाच फरक खटकतो.

गुलनुशच्या मशिदीच्या भिंतीवर, माणसाच्या हाताबाहेर, दगडात कोरलेली पाखरांची घरे आहेत, छज्जे आणि मिनारांसकट. आजूबाजूच्या काही गल्ल्यांत दानाचे दगडी खांब उरले आहेत. माथ्यावर खोबण, देणारा तिथे नाणी ठेवून जाई, गरजू अंधार पडल्यावर लागतील तेवढी घेई. कोणी दिले, कोणी घेतले हे एकमेकांना कळत नसे. त्या काळी गल्ली म्हणजेच मशीद होती. नवा भाडेकरू येणार तर इमामाला जामीन हवा, लग्न, मृत्यू, तक्रारी, करवसुली सगळे त्याच्याकडे. १८२९ पासून सरकारने मुख्तार नावाचा वेगळा गल्लीप्रमुख नेमला आणि इमामाच्या हातात नमाज उरली. तरी मिनाराची ताकद संपलेली नाही. १५ जुलै २०१६ च्या रात्री लष्करातल्या एका गटाने उठाव केला तेव्हा देशभरच्या मशिदींतून रात्रभर 'सला' दिली गेली, जी एरवी मृत्यूची वार्ता द्यायला किंवा जुम्म्याला देतात, आणि ती ऐकून लोक रस्त्यावर उतरले.

उस्कुदारहून निघणारी खाडीची बोट दोन्ही काठ शिवत शेवटी एयुपला पोचते. जुन्या शहराच्या तटाबाहेरचे हे ठिकाण इस्तंबूलमधले सर्वांत पवित्र. पैगंबरांचे साथी अबू अय्यूब अन्सारी सातव्या शतकात या शहराला पडलेल्या अरब वेढ्यात वारले, त्यांची कबर इथे मानतात. शहर जिंकल्यावर मेहमेदने इथे मशीद बांधली, आजची इमारत १८०० ची आहे. नवा सुलतान गादीवर आला की त्याच्या कमरेला तलवार इथे बांधत. आता सुंतेआधी पांढऱ्या झग्यात, डोक्यावर मुकुट घातलेली मुले आईबापांबरोबर येतात आणि कंटाळून कबुतरांमागे धावतात.

या अबू अय्यूबांचा पहिल्या मशिदीशी थेट संबंध आहे. ६२२ साली पैगंबर मक्केहून मदिनेला आले, तेव्हा काही महिने ते याच माणसाच्या घरी राहिले, कारण शेजारी मशीद बांधून व्हायची होती. ती म्हणजे मातीच्या विटांची भिंत, खजुराच्या खोडांचे खांब, झावळ्यांचे छप्पर. मिनार नाही, घुमट नाही. तिथे नमाज होई, न्यायनिवाडा होई, बाहेरून आलेली शिष्टमंडळे उतरत आणि एका बाजूच्या पडवीत घर नसलेले लोक राहत-जेवत. पुढे चौदाशे वर्षे जे वाढत गेले ते छप्पर होते. खालची यादी मदिनेतच पुरी झाली होती.

एयुपच्या अंगणात दुपारच्या नमाजनंतर बहुधा एखादा जनाजा असतो. हिरव्या कापडाखालची शवपेटी दगडी चौथऱ्यावर ठेवतात. ही नमाज उभ्याने होते, तीत झुकणे नाही, सजदा नाही. ती झाली की इमाम जमलेल्यांना विचारतो, हा माणूस तुम्ही कसा ओळखत होतात? चांगला, असे सगळे म्हणतात. तुमचा काही हक्क याच्याकडे राहिला असेल तर सोडलात का? सोडला, असे लोक म्हणतात. हे काम घरी होत नाही, एकट्याने होत नाही. देणेकरी, घेणेकरी, शेजारी आणि वाटेवरचे अनोळखी, सगळे समोर असावे लागतात. रोजच्या नमाजला मशीद लागत नाही, याला लागते.

२०२० च्या एप्रिलमध्ये कोविडच्या साथीमुळे सामूहिक नमाज बंद होती. शहराच्या उत्तरेला सारियेर भागातल्या देदेमान मशिदीत चपलांच्या रिकाम्या फडताळांवर तेल, मीठ, मैदा, शेवया रचून ठेवल्या गेल्या. ज्याला गरज त्याने घ्यावे, ज्याच्याकडे आहे त्याने आणून ठेवावे. नमाज नसताना मशीद चालू होती.

एयुपला जाणारे बहुतेक लोक कबरीचे दर्शन घेतात, टेकडीवर चढून चहा पितात आणि परततात. त्यांनी मशिदीपासून खाडीच्या दिशेने थोडे चालावे. तिथे सुलतान सलीम तिसरा याची आई मिह्रिशाह हिने १७९० च्या दशकात बांधलेले अन्नछत्र आहे. सुलेमानियेचे उपाहारगृह झाले, बेयाझितचे ग्रंथालय झाले. इथे वक्फ खात्यातर्फे गरजूंना गरम जेवण अजूनही दिले जाते.